एक फीत न्यावी, दोन परत आणाव्यात

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. ज्यांनी पहिल्यांदा घरात संगणक आणला, त्या पिढीने प्रोग्राम आणि तांत्रिक माहिती एकमेकांना कशी दिली, आणि ते देणे योग्य होते की नाही, असा त्या पत्रांचा रोख आहे. म्हणून या वेळी इतर प्रश्न बाजूला ठेवून पाच पत्रे निवडली आहेत. जागेअभावी ती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या प्राध्यापकांनी वर्गात सांगितले की, घरगुती संगणकांचा इतिहास चोरीपासून सुरू होतो आणि खुद्द बिल गेट्स यांनी पत्र लिहून तसे म्हटले आहे. असे पत्र खरोखर आहे का? असल्यास त्यातला आरोप खरा मानावा का?
— अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : पत्र खरे आहे. त्यावर ३ फेब्रुवारी १९७६ ही तारीख असून ‘हौशी संगणकधारकांना उघड पत्र’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे. मात्र इतिहास त्या पत्रापासून सुरू होत नाही. तो वर्षभर आधी सुरू झाला होता, आणि ते एक वर्ष डोळ्यांसमोर आणल्याशिवाय आरोप तोलता येणार नाही.

जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ हा संगणक झळकला. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्क येथील ‘मिट्स’ ही छोटी कंपनी तो सुट्या भागांच्या रूपात सुमारे ४०० डॉलरला विकत होती. ते भाग घरी सोल्डरिंग करून जोडल्यावर जे यंत्र उभे राही, त्याला ना कळफलक होता ना पडदा. दर्शनी बाजूवर खटक्यांच्या आणि लाल दिव्यांच्या रांगा, एवढेच त्याचे नाकडोळे. मेमरी २५६ बाइट, म्हणजे आपण वाचत असलेला हा एक परिच्छेदही तिच्यात मावला नसता. प्रोग्राम द्यायचा तर एकेक खटका वरखाली करून द्यायचा, आणि वीज गेली की प्रोग्रामही गेला. असे यंत्र घरी आणणाऱ्याला पहिल्याच रात्री कळून चुकत असे की, दुसऱ्या कोणाला तरी विचारल्याखेरीज आपले गाडे पुढे जाणार नाही.

५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये अशीच अडलेली तीसेक माणसे जमली आणि ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ सुरू झाला. क्लबाचे दुसरे संस्थापक फ्रेड मूर हे युद्धविरोधी चळवळीतले कार्यकर्ते होते. कोणाला काय येते आणि कोणाला काय हवे आहे, याची नोंद करून ती वार्तापत्रातून सर्वांना कळवणे हा त्यांच्या दृष्टीने क्लबाचा गाभा होता. पुढे सभा स्टॅनफर्डच्या कणत्वरक केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या आणि सूत्रे ली फेल्सनस्टीन यांच्याकडे आली. सभेच्या पहिल्या भागात ज्याच्याजवळ काही सांगण्यासारखे आहे किंवा ज्याचे काही अडले आहे, त्याने उभे राहून तेवढेच सांगायचे. दुसऱ्या भागात सभा मोडायची आणि ज्याला जो माणूस हवा असेल त्याने त्याला गाठायचे. पुढे ‘ॲपल-१’ म्हणून विकल्या गेलेल्या संगणकाचे आराखडे स्टीव्ह वॉझनिअॅक यांनी याच क्लबात हौशी मंडळींना फुकट वाटले होते.

वादाचे कारण ठरलेला प्रोग्राम म्हणजे अल्टेअरवर चालणारी बेसिक ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा. ती बिल गेट्स, पॉल ॲलन आणि माँटी डेव्हिडॉफ यांनी लिहिली आणि मिट्समार्फत विकायला ठेवली. ती छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर मिळत असे. १९७५ च्या उन्हाळ्यात मिट्सची प्रदर्शनाची गाडी पालो आल्टो येथे आली असताना अशी एक फीत क्लबातील कोणाच्या तरी हाती लागली. फितींवर छिद्रे पाडण्याचे यंत्र ज्याच्या कामाच्या ठिकाणी होते अशा एका सदस्याने तिच्या भराभर प्रती काढल्या आणि पुढच्या सभेत खोकाभर फिती वाटल्या गेल्या. किंमत काही नाही, अट एकच : एक फीत न्यावी, पुढच्या वेळी दोन परत आणाव्यात. आपल्याकडे शेजारून विरजण मागून आणताना जो भाव असतो तोच येथे होता. देणाऱ्याचे दही चमचाभराने कमी होते आणि घेणाऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवसापासून रोज दही लागते. अडचण एवढीच होती की, हे दही विकायला मांडलेले होते आणि ते लावणाऱ्याला कोणी विचारले नव्हते.

गेट्स यांच्या पत्रातील मुद्दे सरळ होते. अल्टेअर घेणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतली आहे. हा प्रोग्राम तयार करताना वापरलेल्या संगणकीय वेळेचे मूल्य ४०,००० डॉलरहून अधिक आहे. आणि मिळालेले मानधन कामाच्या तासांवर वाटले तर ताशी दोन डॉलरसुद्धा पडत नाहीत. तुमच्यापैकी बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता, हे त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. फुकटात दर्जेदार काम कोण करील, हा त्यांचा प्रश्न आजही खोडून काढणे सोपे नाही.

हौशी मंडळींची बाजूही पोकळ नव्हती. बेसिक सुटी घेतली तर महाग आणि मिट्सचे मेमरी बोर्ड घेतले तर बरीच स्वस्त, अशी विक्रीची रीत होती. ते बोर्ड मात्र नीट चालत नाहीत अशी सर्वत्र ओरड होती. दुसऱ्याकडून चांगले बोर्ड घेणाऱ्याला प्रोग्रामसाठी जणू दंड भरावा लागत असे. शिवाय ज्या संगणकीय वेळेचे मोल पत्रात सांगितले होते, तो वेळ हार्वर्ड विद्यापीठातील, सरकारी पैशावर चालणाऱ्या मोठ्या संगणकाचा होता. कायद्याचे चित्रही तेव्हा धूसर होते. अमेरिकेत संगणकाच्या प्रोग्रामला स्वामित्व हक्काचे संरक्षण आहे हे कायद्याच्या शब्दांत स्पष्ट झाले ते १९८० च्या दुरुस्तीने.

तरीही माझे मत असे आहे की, विक्रीची रीत जाचक होती म्हणून प्रत काढणे न्याय्य ठरत नाही. या मंडळींनी दिलेले खरे उत्तर वेगळे आहे, आणि प्राध्यापकांच्या कथेत नेमके तेच गळले आहे. मेन्लो पार्क येथीलच ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’ या नियतकालिकात डेनिस ॲलिसन यांनी १९७५ मध्ये अगदी लहान बेसिक भाषेचा आराखडा छापला होता आणि ती तुम्हीच लिहा, असे वाचकांना सांगितले होते. टेक्सासमधील टायलर या गावच्या दोघांनी, डिक व्हिपल आणि जॉन अर्नोल्ड यांनी, ती लिहून पाठवली. असा मजकूर इतका येऊ लागला की, त्यासाठी १९७६ च्या जानेवारीत ‘डॉक्टर डॉब्ज जर्नल’ हे स्वतंत्र मासिकच निघाले. (डॉब नावाचे कोणी डॉक्टर नव्हते, डेनिस आणि बॉब या दोन नावांची ती सरमिसळ आहे.) त्याचे संपादक जिम वॉरन यांनी गेट्स यांच्या पत्राचा उल्लेख करून लिहिले की, सॉफ्टवेअर फुकट असेल, किंवा प्रत काढण्यापेक्षा विकत घेणे सोपे वाटावे इतके स्वस्त असेल, तर त्याची चोरी होणार नाही. टॉम पिटमन यांनी आपली छोटी बेसिक पाच डॉलरना विकून ते करूनही दाखवले.

प्रश्न : ‘कॉपीलेफ्ट’ हा शब्द मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी शोधला असे मी समजत होतो. तो त्याहून जुना आहे असे अलीकडे वाचले. खरे काय?
— वाचक, डोंबिवली

उत्तर : शब्द जुना आहे, अर्थ नवा. वर सांगितलेल्या छोट्या बेसिकच्या मालिकेत ली-चेन वांग यांनी १९७६ मध्ये ‘पालो आल्टो टायनी बेसिक’ लिहिली. ती दोन किलोबाइटहून कमी जागेत मावत होती. तिच्या माथ्यावर, जेथे ‘कॉपीराइट, सर्व हक्क राखीव’ असे लिहिण्याची प्रथा आहे, तेथे त्यांनी ‘कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ह्ड’ असे टाकले. राइटच्या जागी लेफ्ट आणि हक्कांच्या जागी अपराध, अशी ती कोटी होती. त्या ओळीमागे कोणताही परवाना किंवा अटी नव्हत्या. स्टॉलमन यांना हा शब्द १९८० च्या दशकात एका मित्राच्या पत्रातून मिळाला, आणि प्रत वाटा, बदला, पण पुढच्यालाही तीच मुभा द्या, ही कायदेशीर अट त्यांनी त्याला जोडली. वांग यांच्या प्रोग्रामचे पुढे काय झाले ते पुढील उत्तरात येईल, कारण ते कॅलिफोर्नियात थांबले नाही.

प्रश्न : परदेशी असलेल्या माझ्या मुलाने सांगितले की, एके काळी संगणकाचे प्रोग्राम गाण्यांच्या कॅसेटवर भरत आणि ते रेडिओवरूनही ऐकवत. ऐकवत म्हणजे काय? प्रोग्रामला आवाज कसा असेल?
— निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

उत्तर : आपल्या मुलाने सांगितले ते शब्दशः खरे आहे, आणि त्यातली युक्ती समजायला शाळेतले गणित पुरेसे आहे.

संगणकाच्या दृष्टीने प्रोग्राम म्हणजे शून्य आणि एक यांची लांबलचक माळ. साधा टेपरेकॉर्डर शून्य-एक ओळखत नाही, तो फक्त ध्वनी ओळखतो. म्हणून शून्याला एक सूर द्यायचा आणि एकाला दुसरा. कोणता सूर कशाला, हे प्रत्येकाने आपापल्या मनाने ठरवले असते तर एकाची कॅसेट दुसऱ्याला निरुपयोगी झाली असती. ते टाळण्यासाठी ‘बाइट’ मासिकाने नोव्हेंबर १९७५ मध्ये मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे यंत्रे बनवणाऱ्यांना आणि हौशी मंडळींना एकत्र बसवले. त्यातून निघालेला संकेत ‘कॅन्सस सिटी मानक’ या नावाने ओळखला जातो. शून्यासाठी १२०० हर्ट्झच्या चार लहरी, एकासाठी २४०० हर्ट्झच्या आठ लहरी. दोन्हींना लागणारा वेळ नेमका सारखा, सेकंदाचा तीनशेवा भाग. स्वस्त टेपरेकॉर्डरची गती कमीजास्त होत असते; पण दोन सुरांमध्ये दुपटीचे अंतर असल्यामुळे फीत थोडी हळू किंवा जलद फिरली तरी गल्लत होत नसे.

आता हिशेब करून पाहा. सेकंदाला ३०० खुणा, आणि एका अक्षरासाठी आरंभ-अखेरीच्या खुणा धरून ११ लागतात. म्हणजे सेकंदाला सुमारे २७ अक्षरे. आठ किलोबाइटचा प्रोग्राम भरायला पाच मिनिटे. एवढा वेळ खोलीत एकसारखा किर्रर्र आवाज, आणि शेवटच्या क्षणी फीत अडखळली तर पुन्हा पहिल्यापासून.

जे कॅसेटवर भरता येते ते ध्वनिमुद्रिकेवर छापता येते आणि रेडिओवरून प्रसारितही करता येते. ‘इंटरफेस एज’ या मासिकाने मे १९७७ च्या अंकासोबत एक लवचिक, पातळ तबकडी दिली होती. तिच्यावर गाणे नव्हते, बेसिक भाषा होती. नेदरलँड्समधील ‘एनओएस’ या प्रसारण संस्थेच्या ‘हॉबीस्कूप’ कार्यक्रमात प्रोग्राम ऐकवले जात, श्रोते ते टेपरेकॉर्डरवर उतरवून घेत आणि मग ती कॅसेट संगणकाला ऐकवत. तेथे एक नवी अडचण उभी राहिली. प्रत्येक कंपनीच्या संगणकाची बेसिक भाषा थोडी वेगळी होती. पडदा पुसण्यासारख्या साध्या कामालाही तीन यंत्रांवर तीन वेगळ्या आज्ञा लागत. मालवणी, वऱ्हाडी आणि अहिराणी बोलणाऱ्यांना एकच निरोप द्यायचा असावा, तसा हा प्रकार होता. डच मंडळींनी ‘बेसिकोड’ नावाचा तोडगा काढला. प्रोग्रामच्या १००० क्रमांकाच्या आधीच्या ओळी राखून ठेवायच्या. तेथे ज्याच्या त्याच्या यंत्राच्या बोलीतल्या आज्ञा असतील. मूळ प्रोग्राम १००० पासून सुरू होईल आणि पडदा पुसायचा झाला तर तो फक्त १०० क्रमांकाच्या ओळीकडे बोट दाखवील. रेडिओवर एकच प्रोग्राम वाजे आणि तो निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चाले.

परंतु या प्रकरणातील माझे आवडते उदाहरण तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील आहे. तेथे ५० जर्मन मार्कांहून महाग वस्तू परदेशातून आणण्यास बंदी होती, त्यामुळे परदेशी संगणक सरळ मार्गाने घरी येणे शक्य नव्हते. वोया आंतोनिच यांनी १९८३ मध्ये सहज मिळणाऱ्या झेड८० प्रोसेसरवर चालणारा संगणक आखला, आणि पडद्यावर चित्र उमटवण्यासाठी वेगळी महागडी चिप न घेता ते कामही प्रोसेसरकडूनच करून घेतले. पत्रकार देयान रिस्तानोविच यांनी बेलग्रेडच्या ‘गालाक्सिया’ या विज्ञान मासिकाचा ‘तुमच्या घरातील संगणक’ अशा अर्थाच्या नावाचा विशेषांक काढून त्यात आराखड्यासह सगळी कृती छापून टाकली. चारदोनशे लोक हा उद्योग करतील अशी कर्त्यांची अटकळ होती. सुट्या भागांची मागणी सुमारे आठ हजारांनी नोंदवली. मासिकाचेच नाव त्या संगणकाला मिळाले. आणि ‘रेडिओ बेलग्रेड २०२’ वर झोरान मोदली हे आपल्या कार्यक्रमात गाण्यांच्या मध्ये प्रोग्राम वाजवू लागले.

या गालाक्सियाने चूक दाखवण्यासाठी फक्त तीन शब्द वापरले. आज्ञा कळली नाही तर ‘व्हॉट?’, कळली पण करता येत नसेल तर ‘हाउ?’, आणि मेमरी संपली तर ‘सॉरी’. हे तीन शब्द आंतोनिच यांचे नव्हते. त्यांनी आपली बेसिक अमेरिकेतील टीआरएस-८० या संगणकाच्या पहिल्या बेसिकवरून बेतली होती. ती स्टीव्ह लाइनिंजर यांनी ली-चेन वांग यांच्या पालो आल्टो टायनी बेसिकवरून बेतली होती. आणि ते तीन शब्द होते वांग यांचे. मासिकात छापलेला दोन किलोबाइटचा तो प्रोग्राम आठ वर्षांनंतर बेलग्रेडच्या एखाद्या स्वयंपाकघरातील टेबलावर कोणा शाळकरी मुलाला ‘व्हॉट?’ म्हणून विचारत होता.

प्रश्न : १९८० च्या दशकात आमच्या शाळेत बीबीसी मायक्रो संगणक होते. मासिकांत पानेच्या पाने छापलेले प्रोग्राम आम्ही मुलांकडून टंकून घ्यायचो. तास संपायचा, प्रोग्राम चालायचा नाही. आज वाटते, त्या खटाटोपात मुले काही शिकली का, की आम्ही त्यांचा वेळ वाया घालवला?
— निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : बाई, आपल्या शाळेतील संगणक बहुधा १९८४ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता योजनेतून आले असावेत; त्या योजनेसाठी ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो निवडला गेला होता. छापील प्रोग्राम टंकण्याची रीत त्याहून जुनी होती. डेव्हिड आल यांनी बेसिकमधील खेळांचा संग्रह १९७३ मध्येच पुस्तकरूपाने काढला होता, आणि १९७८ ची त्याची आवृत्ती दहा लाखांवर प्रती खपलेले संगणकविषयक पहिले पुस्तक ठरली. कारण साधे होते. कागदावर छापलेला मजकूर प्रत्येक घरात पोचत होता. कॅसेट किंवा चकती तशी पोचत नव्हती आणि पोचली तरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला ती वाचता येत नव्हती.

आपल्याकडे हस्तलिखित पोथ्या उतरवणारे लेखक शेवटी लिहून ठेवत की, जसे पुढ्यात होते तसे मी लिहिले, शुद्ध-अशुद्धाचा दोष मला लावू नये. वाचणारा मग अर्थावरून चूक दुरुस्त करून घेई. संगणक अशी सवलत देत नाही. शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ पडला, एकाऐवजी ‘आय’ पडला, स्वल्पविरामाच्या जागी टिंब आले की सगळे ठप्प. त्यातच कित्येक मासिकांतील छपाई मुळातच पुसट असे, आणि कधी कधी चूक छापणाऱ्याचीच असून दुरुस्ती दोन अंकांनंतर येई. मुले निष्कारण बोलणी खात.

यावर अमेरिकेतील ‘कम्प्यूट!’ मासिकाने १९८३ मध्ये ‘ऑटोमॅटिक प्रूफरीडर’ ही सोय काढली. प्रत्येक ओळ टंकून झाली की पडद्यावर एक संख्या येई. मासिकात त्या ओळीपुढे तीच संख्या छापलेली असेल तर ओळ बरोबर. अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांची ती बेरीज होती. बेरजेला एक गोष्ट कळत नाही : दोन अक्षरांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच येते. शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सेन यांनी १९७७ मध्ये दूरध्वनीच्या तारेवरून प्रोग्राम पाठवण्यासाठी जी पद्धत लिहून सर्वांना मोकळी केली, त्या एक्समोडेममध्येही हीच बेरीज होती. १२८ बाइटचा एक तुकडा पाठवायचा, मागोमाग बेरीज पाठवायची; पलीकडे जुळली नाही तर तोच तुकडा पुन्हा. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी आणि रँडी स्यूस यांनी शिकागोत दूरध्वनीवरून जोडून घेता येणारा पहिला सार्वजनिक संगणकीय सूचनाफलक सुरू केला. त्याला एकच दूरध्वनी जोडलेला होता, त्यामुळे एका वेळी एकच माणूस आत.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. नुसते टंकल्याने कोणी प्रोग्राम लिहायला शिकत नाही. गाथा उतरवून काढणारा प्रत्येक जण कवी होत नाही, तसेच ते. शिक्षण सुरू होई ते प्रोग्राम अडल्यावर. चारशे ओळींतली चुकीची ओळ शोधायची तर प्रत्येक ओळ काय करते हे कळावे लागते, आणि एकदा कळले की गोळीचा वेग वाढवावा, आपल्या खेळाडूला तीनऐवजी तीस जीव द्यावेत, असे सुचू लागते. म्हणून, बाई, ज्या तासांना प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला असेल, ते तास वाया गेले असण्याची शक्यता मला अधिक वाटते. एक गोष्ट मात्र आपण लिहिलेली नाही आणि ती महत्त्वाची आहे. प्रोग्राम अडला तेव्हा मुलांना तास संपल्यावर थांबू दिले होते का? एका संगणकापुढे चार मुले आणि पस्तीस मिनिटांचा तास, अशा वेळापत्रकात चूक सापडण्याआधीच घंटा होते. तेथे दोष मुलांचा नाही आणि आपलाही नाही.

प्रश्न : वडिलांच्या माळ्यावरच्या पेटीत स्पेक्ट्रम प्लस संगणक, तीसेक कॅसेट आणि आकड्यांनी भरलेली एक वही सापडली. काही कॅसेट विकतच्या आहेत, काहींवर वडिलांच्या अक्षरात नावे आहेत. या जपाव्यात कशा, आणि आता इतकी वर्षे झाल्यावर त्या कोणालाही द्यायला हरकत नसावी ना?
— वाचक, सांगली

उत्तर : आधी कायद्याचे. वर्षे उलटली म्हणून हक्क संपत नाही. आपल्या १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाचा प्रोग्राम ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत आला, आणि साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या हयातीनंतर आणखी ६० वर्षे टिकतो. कायदेशीररीत्या आपल्याकडे असलेली प्रत खराब होऊ नये म्हणून राखीव प्रत काढण्याची मुभा कलम ५२ देते. ती प्रत वाटण्याची मुभा देत नाही. वडिलांनी स्वतः लिहिलेले प्रोग्राम असतील तर मात्र त्यांचा हक्क त्यांचा, आणि त्यांच्या पश्चात वारसांचा. ते खुशाल वाटावेत.

आता कॅसेटचे. लगेच संगणकाला जोडून पाहू नका. आधी फीत हाताने थोडी फिरवून ती चिकटली नाही ना, बुरशी नाही ना हे पाहा. चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर मिळवा, त्याचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि डॉल्बीसारखी आवाज मऊ करणारी सोय असल्यास बंद ठेवा. कॅसेट वाजवताना सुरुवातीला येणारा लांब सूर जेव्हा सर्वांत कडक आणि स्वच्छ ऐकू येईल, तेथे हेडचा छोटा स्क्रू बारीक पेचकसाने आणून ठेवा. जुन्या काळी प्रत्येक स्पेक्ट्रमवाल्याकडे या कामाचा एक पेचकस असायचा. मग आवाज आजच्या संगणकावर वेव्ह स्वरूपात उतरवा. एमपी३ नको, कारण माणसाच्या कानाला न कळणारा भाग ते गाळते आणि स्पेक्ट्रमला कदाचित नेमका तोच हवा असतो. त्या ध्वनीवरून ‘टीझेडएक्स’ किंवा ‘टॅप’ फाइल करण्याची साधने मोफत मिळतात. प्रत बरोबर उतरली की नाही हे ओळखणे सोपे आहे, कारण स्पेक्ट्रमच्या प्रत्येक भागाच्या शेवटी पडताळणीचा एक बाइट असतो. तो जुळला नाही की वडिलांच्या पिढीला पाठ असलेला ‘आर टेप लोडिंग एरर’ हा संदेश येतो.

कॅसेटच्या वेष्टनातील कागदांची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्या. तेथे टेपरेकॉर्डरच्या काउंटरचे आकडे असतील. कोणता प्रोग्राम फितीवर कुठे सुरू होतो ते त्यावरूनच कळेल.

आणि ती वही. तिच्यातील आकडे बहुधा ‘पोक’ असावेत. पोक ही बेसिकमधील आज्ञा मेमरीतील नेमक्या जागी नेमकी संख्या ठेवते. खेळातील जीव कमी करणारी आज्ञा मेमरीत कुठे आहे हे कोणी शोधून काढले की, ती जागा आणि तेथे ठेवायची संख्या, अशी आकड्यांची जोडी मित्रांत तोंडोतोंडी फिरत असे. त्या जोड्यांपुढे कदाचित कोणाकडून मिळाल्या त्यांची नावे असतील, कोणता प्रोग्राम कोणाला दिला आणि परत आला की नाही याच्या नोंदी असतील. विकतच्या कॅसेटमधले खेळ जगात आणखी कोणाकडे तरी नक्की सापडतील. वही आपल्याकडेच आहे. तेव्हा कॅसेटच्या आधी तिची पाने स्कॅन करावीत, आणि वडील हयात असतील तर एकेका नावावर बोट ठेवून हा कोण, हे त्यांना विचारून समासात लिहून ठेवावे.